सात नंबरचं लोखंड

शेवटी एकदाचा सेट घरी आला. त्याआधी चार दिवस ट्रॅकिंगच्या पानावर एकच ओळ ठाण मांडून बसली होती: 'आपले पार्सल भिवंडी येथे पोहोचले आहे.' सकाळी बघा, भिवंडी. जेवणाच्या सुट्टीत बघा, भिवंडी. रात्री बिल्ड लावून वाट बघताना बघा, भिवंडीच. शेवटी मामाला फोन केला. मामा जन्मापासून भिवंडीचा, त्याच्या वडिलांपासून घरात यंत्रमाग. म्हटलं, "मामा, माझं पार्सल तुझ्या गावात अडकलंय." मामा म्हणाला, "अख्ख्या मुंबईचं अडकलंय रे, तुझं एकट्याचं काय घेऊन बसलास."

खरंच आहे ते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली... जिथे भाताची खाचरं होती तिथे आज गोदामं आहेत. याचं मोठं कारण म्हणजे जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की नाक्यावर जकात भरा. मग व्यापाऱ्यांनी साधा विचार केला: माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. भिवंडी हायवेवर, जमीन स्वस्त, मुंबई हाकेच्या अंतरावर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट वाढली. कारण संपलं तरी कोड तसाच राहतो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको :)

असो. विषय गोल्फचा आहे.

(हो, गोल्फ. हसून घ्या. ऑफिसमधल्या एका सीनियरनं नादाला लावलं. घरात यावर झालेली चर्चा इथे देत नाही.)

त्या सीनियरनं निवृत्त होताना त्याचा जुना सेट मला दिला होता. बारीक, चकचकीत, सुरीसारखी पाती. त्यांना 'ब्लेड'च म्हणतात. दिसायला इतकी देखणी की शोकेसमध्ये ठेवावीत. पण चेंडू पात्याच्या नेमक्या मध्यावर बसला नाही तर थंडीत बोटावर हातोडी बसावी तशा झिणझिण्या कोपरापर्यंत. आणि मध्यावर बसायचा म्हणजे माझ्यासारख्याला दहातून एकदा. म्हणून हा नवा सेट मागवला. याला दुकानदार 'गेम इम्प्रूव्हमेंट आयर्न' म्हणतात, म्हणजे चुका पोटात घालणारं लोखंड. परत करायची मुदत दहा दिवस. किंमत अशी की ठेवायचा की परत पाठवायचा हे नीट ठरवणं भाग होतं. आणि ठरवायला बसलो की मला आधी इतिहास वाचावा लागतो, ही जुनी खोड.

आपल्याकडे हा खेळ फार जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ मध्ये निघाला, तो आज नाही. विलिंग्डन क्लब १९१८ चा. गोऱ्यांच्या क्लबात हिंदी माणसाला दार बंद, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डननं दोघांनाही घेणारा क्लब काढला. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चं. पण मला सगळ्यात आवडतं ते नाशिकचं. तिथे गोल्फ क्लब मैदान आहे, अख्खं नाशिक त्याला अजून 'गोल्फ क्लब'च म्हणतं, आणि कागदोपत्री नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला नाटकगृहात गोळी घालणाऱ्या पोराचं नाव साहेबाच्या खेळाच्या मैदानाला! याहून नेमकं नामांतर मला माहीत नाही.

पण लोखंडाचा इतिहास नाशिकात किंवा मुंबईत घडला नाही. तो घडवला एका इंजिनियरनं, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

कार्स्टन सोल्हाइम. जन्म १९११, नॉर्वेतलं बर्गन. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेला, सिअ‍ॅटलला. कॉलेजात इंजिनियरिंगला गेला, पण मंदीत पैसे संपले म्हणून शिक्षण सोडून बापासारखा चपलाबूट दुरुस्त करत बसला. पुढे युद्धकाळात विमान कारखान्यात इंजिनियरचं काम मिळालं आणि नंतर जनरल इलेक्ट्रिकमध्ये. गोल्फची काठी हातात घेतली ती बेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसातल्या लोकांच्या आग्रहावरून. (वाचता आहात ना, बायकोबाई? बेचाळिसाव्या!)

त्याला पटिंग जमेना. आपण अशा वेळी स्वतःला दोष देतो. सोल्हाइमनं काठीला दिला. त्याचं म्हणणं असं की पटरचं सगळं वजन मधोमध गोळा केलंय, त्यामुळे चेंडू जरा बाजूला लागला की पातं गर्रकन फिरतं. वजन दोन टोकांना नेलं तर? असं सांगतात, की आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेचे चौकोनी तुकडे चिकटवून त्यानं ही कल्पना आधी करून बघितली. मग १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीला, घराच्या गॅरेजमध्ये पहिला पटर बनवला. म्हणजे आज आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो तिथेच, आणि गॅरेजातच! चेंडूला लागल्यावर त्याचा 'पिंग' असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं.

यामागचं विज्ञान म्हणजे मराठी पुस्तकात ज्याला 'जडत्व आघूर्ण' असं भीतीदायक नाव आहे ते. पण ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालते तेव्हा हातात लांब काठी आडवी धरते. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही, दोन टोकांच्या घागरी त्याला वळू देत नाहीत. वजन तेवढंच, पण मध्यापासून दुप्पट लांब नेलं की फिरायला होणारा विरोध चौपट. गोल्फचा चेंडू पात्याला चिकटून असतो सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्या वेळात पातं फिरलं नाही म्हणजे झालं. सोल्हाइमनं पात्याला कावड केलं, बस.

१९६६ मध्ये त्याचा 'अ‍ॅन्सर' पटर आला. आराखडा म्हणे रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर काढला होता. नाव बायकोनं सुचवलं, 'उत्तर', पण इंग्रजी स्पेलिंग पटरवर मावेना म्हणून एक अक्षर गाळलं. पुढच्या वर्षी नोकरी सोडली. बिऱ्हाड त्याआधीच अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला आलेलं होतं. (फिनिक्स म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लोअर परळ येतं, पण हे वेगळं.)

आता आयर्न. जुनी आयर्न ठोकून बनवत, म्हणजे फोर्जिंग. तापलेला पोलादाचा तुकडा, वरून घण, मग कारागीर घासून घासून आकार देणार. आपल्या भाषेत मुंढव्याचं भारत फोर्ज. दोन सेट तंतोतंत सारखे निघणं कठीण. शिवाय पाठीमागून पातं कोरून मधलं वजन काढायचं तर प्रत्येक नगावर वेगळं यंत्रकाम. सोल्हाइमनं साठच्या दशकात तेही करून पाहिलं. मग १९६९ मध्ये त्यानं ओतीव आयर्न काढली: मेणाचा साचा करायचा, त्यावर मातीसारखं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं, पोकळीत पोलाद ओतायचं. मेणात कोराल ते धातूत उतरतं. पाठ पोकळ, वजन कडेकडेनं. आजच्या प्रत्येक गेम इम्प्रूव्हमेंट सेटची ही आजी.

आणि ही पद्धत नवी अजिबात नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतायची हीच रीत लिहून ठेवलेली आहे. मेणाचा पुतळा, मातीचे लेप, मेण वितळवणं, आणि मेणाचं वजन करून त्याच्या पटीत धातू घेणं. याचं संस्कृत नाव मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, म्हणजे मेण. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. भिवंडीशेजारचं कल्याण नव्हे, नाहीतर हा लेख फारच जुळून आला असता.

१९८२ मध्ये पिंगचं 'आय टू' आलं आणि पुढे धो धो खपलं. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणगावात संप सुरू झाला. मामा सांगतो, त्यानंतर भिवंडीला काम इतकं आलं की रात्रपाळीचे दिवे विझले नाहीत. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इकडेच यायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आय टूची तारीख वाचली की मला संपच आठवतो, त्याला इलाज नाही.

आय टूवरून पुढे जे भांडण झालं ते प्रत्येक प्रोग्रामरनं वाचावं असं आहे. पात्यावर आडव्या खाचा असतात. पूर्वी त्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या. ओतकामात यू आकार सोपा, म्हणून १९८४ मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेनं यूला परवानगी दिली. पण यूच्या धारदार कडा चेंडूची साल काढायला लागल्या, म्हणून सोल्हाइमनं कडा जरा गोल केल्या. झालं! दोन खाचांमधलं अंतर नियमाप्रमाणे आहे की नाही? कड गोल असेल तर मोजायचं कुठून? गोलाई सुरू होते तिथून की संपते तिथून? इंचाच्या काही हजारांश भागावरून प्रकरण कोर्टात गेलं, दहा कोटी डॉलरचा दावा लागला. १९९० च्या जानेवारीत तडजोड झाली: पुढे नियमाप्रमाणे बनवा, विकली गेलेली चालतील. स्पेसिफिकेशनमध्ये एक वाक्य कमी लिहिलं की काय होतं बघा. आणि त्या 'जुनी चालतील'ला वीस वर्षांनी २०१० मध्ये वेगळीच पालवी फुटली. तेव्हा धारदार खाचांवर नवी बंदी आली आणि फिल मिकेलसन सरळ जुनी आय टू वेज घेऊन मैदानात उतरला. तडजोडीमुळे ती कायदेशीर! एका सहकाऱ्यानं त्याला उघड फसवणूक म्हटलं. माझं मत विचाराल तर मिकेलसननं फक्त लायसन्स नीट वाचलं होतं.

असो, माझ्या सेटकडे येतो. मुदतीचे सहा दिवस उरले होते. शनिवारी दोन्ही सेट घेऊन रेंजवर गेलो. ऑफिसातला व्हाइटबोर्डचा मार्कर खिशात. चेंडूवर ठिपका काढायचा, ठिपका मागे ठेवून मारायचा, शाई पात्यावर उमटते आणि चेंडू कुठे लागला ते कळतं. वीस चेंडू जुन्या सातनं, वीस नव्या सातनं. ठिपके दोन्हीकडे सारखेच विखुरलेले, म्हणजे मी होतो तसाच आहे. फरक पुढे होता. जुन्यानं टोकाला लागलेला चेंडू उजवीकडे जाऊन निम्म्यात पडायचा, नव्यानं जरा कमी पडायचा एवढंच. हाताला झिणझिण्या नाहीत. आणि सरळ लागलेले तर जुन्यापेक्षा कितीतरी लांब. मी खूश. मनात पैसे वसूल.

शेजारी एक वयस्क कॅडी काका बाकावर बसून बघत होते. म्हणाले, "साहेब, जरा बघू." दोन्ही सात नंबर जमिनीवर शेजारी शेजारी टेकवले, डोळा बारीक केला. "हा सात नाही साहेब. पाच आहे. सात छापलाय वर."

घरी येऊन आकडे बघितले आणि काका शंभर टक्के बरोबर निघाले. सत्तरच्या दशकात सात नंबरचं पातं साधारण ३६ ते ३८ अंश कललेलं असायचं. आजच्या गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये ते २८ ते ३० अंशांवर आलंय, जवळजवळ जुना पाच. कल कमी म्हणजे चेंडू लांब जाणार, यात नवल काय! कंपन्यांची बाजूही पूर्ण खोटी नाही. वजन कडेला आणि तळाला नेल्यामुळे चेंडू आपोआप उंच उडतो, मग कल कमी केला तरी उंची सांभाळली जाते. पण आठ अंश? थोडा हिशेब भौतिकशास्त्राचा आहे, उरलेला शोरूममध्ये 'माझा सात नंबर बघ किती जातो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा. बेंचमार्कसाठी प्रोसेसर ट्यून करणारे आणि हे, एकाच शाळेतले. आणि याची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते. सगळे नंबर सरकल्यामुळे पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येते, पूर्वी ती पन्नाशीच्या आसपास असायची. ती मधली जागा भरायला आणखी एक वेज विकत घ्या! काठ्या मात्र चौदाच, हा नियम १९३८-३९ पासून कायम.

म्हणजे क्षमा खरी, लांबी बरीचशी छापील. मी रविवारभर यावर चिडचिड केली. जुन्या ब्लेडवर शिकावं का? कॅडी लोक साहेबांनी टाकलेल्या एखाद्या काठीवर शिकत आले आहेत. दिल्लीचा अली शेर कॅडीचा इंडियन ओपन विजेता झाला, १९९१ मध्ये, पहिला भारतीय व्यावसायिक. पण तो पोरवयापासून रोज मैदानावर. मी पंधरवड्यातून एकदा, तेही रिलीज नसेल तर.

सोमवारी सुट्टी होती, मामाकडे गेलो तर गाडीत सेट होताच. मामानं नवा सात हातात घेऊन तोलला, पाठीमागची पोकळी अंगठ्यानं चाचपली. मी कावडीचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं आणि उत्साहात म्हटलं, "तुझ्या धोट्यासारखंच की मामा, त्याच्याही दोन टोकांना पोलाद असतं, म्हणून सरळ जातो!" मामानं माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "टोकांना पोलाद असतं ते ठोकर खायला. सरळ जातो तो माग नीट लावलेला असतो म्हणून." मग पुन्हा काठी फिरवून बघत म्हणाला, "ओतकाम चांगलंय पण. ठेव."

सेट ठेवला. परतीची मुदत बुधवारी संपली. मार्करनं प्रत्येक पात्याच्या मागे खरा कल लिहून टाकलाय, नंबराखाली. पुढच्या शनिवारी काकांनी ते वाचलं, हसले, आणि म्हणाले, "आता वेज कधी घेताय?"

ती मागवली आहे. सध्या भिवंडीत आहे.