कान्हेरीची पोढी आणि ठाण्याचे तलाव



आपल्या ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. पश्चिमेला येऊरचे डोंगर, त्यापलीकडे शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, पूर्वेला खाडी आणि गावात मासुंदा तलाव. ठाण्याचा इतिहास म्हटला की शिलाहार राजे येतात, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला येतो, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावत आलेली पहिली आगगाडी येते. हे सारं खरंच आहे. पण आम्ही गिरणीत पाळी करून पोट भरणारी माणसं. आम्हाला विचारावंसं वाटतं, या मुलखात माणसाला पाणी कुणी दिलं?

त्याचं उत्तर याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीच्या कातळावर कोरलेलं आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. लेण्यापाशी पाण्याची टाकी खोदलेली आहे, तिला लेखांत 'पोढी' म्हटलंय. कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी पोढीत आणलं, म्हणून भिक्षुसंघ या डोंगरावर टिकला. आणि एक पोढी दान दिली कुणी? कल्याणच्या एका सोनाराने! दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, लोहार आहे, भिक्षुणीही आहेत. पुढे इ.स. ८४३ च्या लेखात, शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या काळी, लेण्यांच्या दुरुस्तीला, भिक्षूंच्या वस्त्रांना आणि ग्रंथांना पैसा दिल्याची नोंद आहे. म्हणजे वस्त्राबरोबर पुस्तकाचीही काळजी.

मुंबईची तहान वाढली तेव्हा इंग्रजही याच डोंगरात आले. १८६० साली विहार तलाव, १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. डोंगर पाणी अडवतो, जंगल ते धरून ठेवतं, हे कान्हेरीच्या माणसांना आधीच कळलं होतं.

पण कातळावर दान म्हणून लिहिलेलं पाणी पुढे जातीच्या पहाऱ्यात गेलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असा रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ साली कौन्सिलात मंजूर झाला, तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं.

१९६२ साली वागळे इस्टेट उभी राहिली. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून माणसं आली. डोंगराच्या उतारावर वस्त्या झाल्या, नळावर हंड्यांच्या रांगा लागल्या. ज्या ठाण्यात साठाच्या आसपास तलाव होते असं सांगतात, तिथे आता पस्तीसेक उरले. कित्येक कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी टॉवर आले. डोंगर दिसतो, तलाव दिसतो म्हणून तिथल्या घराला जादा भाव. आणि येऊरच्या पाड्यांवरचा वारली, ज्याच्या पिढ्या याच जंगलात गेल्या, त्याचा त्या भावात वाटा किती?

आमचं म्हणणं एवढंच. तलाव म्हणजे नुसता देखावा नव्हे, तो सर्वांचा हक्क आहे. आपल्या मुलांना एकदा कान्हेरीला न्या. मूर्तींपुढे हात जोडाच, पण पोढीपाशीही थांबा. त्या सोनाराचं दान त्यांना समजावून सांगा. मग वस्तीजवळच्या तलावात कुणी भराव टाकायला आला, तर काय करायचं हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.