बेझिए वक्र

व्हेक्टर आरेखनात सरळ व वक्र रेषा काढण्याची सर्वाधिक रूढ पद्धत. रेषेची दोन टोके आणि बाक ठरवणारे दोन नियंत्रण बिंदू, एवढ्यावर संपूर्ण आकृती साठवली जाते. त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत.

इंकस्केप या व्हेक्टर आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन हे साधन घेऊन दोन ठिकाणी क्लिक केले की सरळ रेषा मिळते. कंट्रोल कळ दाबून ठेवल्यास ती मूळ सेटिंगनुसार १५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते. क्लिक करून बोट न उचलता माउस ओढला, की बिंदूतून दोन बाजूंना दांड्या निघतात; त्यांची टोके म्हणजेच नियंत्रण बिंदू. रेषा बिंदूतून दांडीच्या दिशेने बाहेर पडते; दांडी लांबवली की त्या दिशेचा ओढा वाढतो. नवशिके जागोजागी बिंदू टाकतात आणि रेषा थरथरल्यासारखी दिसते. सरावलेला हात वळणाच्या टोकांवर मोजकेच बिंदू ठेवतो. देवनागरी टंकातील ‘क’ची गोलाई अशीच साधली जाते.

या वक्रातून तंतोतंत वर्तुळ मात्र निघत नाही. चार तुकडे जोडून, दांडी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२ पट ठेवून ते भागवतात. फरक डोळ्याला कळत नाही.

गणिताचा पाया सेर्गेई बर्नस्टाइन यांच्या १९१२च्या बहुपदींत आहे. सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेलझो यांनी १९५९मध्ये ही रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोचे अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात आपले काम प्रसिद्ध केले आणि नाव त्यांचे लागले.