उपकारांची जाण : आपल्या तालुक्याच्या इतिहासातून

उपकार स्मरणे हा मनुष्याचा धर्म होय, असे आपले वाडवडील सांगत आले. मनुष्य जन्मास येतो तोच देवऋण, ऋषिऋण व पितृऋण शिरी घेऊन, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. नारळी पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव समुद्रास नारळ अर्पितात, तेही ह्याच जाणिवेने. परंतु समुद्राचे ऋण स्मरणारे आपण माणसांचे ऋण कितपत स्मरतो, हा प्रश्न ज्ञातिबांधवांपुढे ठेवावासा वाटतो.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच महात्माजींना अटक झाली. ही वार्ता आपल्या खेडोपाडी पोहोचली आणि १४ ऑगस्ट रोजी गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चाने चालून आले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकूर गोविंद मोरे हे पाच वीर धारातीर्थी पडले. त्यांचा स्मृतिस्तंभ पालघरास पाचबत्तीच्या चौकात उभा आहे व दरसाल त्या दिवशी तेथे त्यांना मानवंदना दिली जाते.

आम्ही शिक्षकी पेशात असताना एके वर्षी वर्गात ही पाच नावे विचारली. एकाही मुलास ती सांगता आली नाहीत. "पाचबत्ती म्हणजे काय?" असे विचारता एक मुलगा चटकन म्हणाला, "गुरुजी, तिथे रिक्षा मिळते." वर्ग हसला, आम्हांस मात्र हसू आले नाही. दोष मुलाचा नव्हता. त्याआधी आम्हीही ती नावे वर्गात कधी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून दर ऑगस्टात ती नावे फळ्यावर लिहिण्याचा नेम आम्ही निवृत्त होईपर्यंत मोडला नाही.

ह्या पाच आडनावांकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. ती काही एका ज्ञातीची नाहीत. आपल्या स्मरणिकेत आपण आपल्या ज्ञातीतील थोरांचा गौरव करितो, हे योग्यच आहे. परंतु ज्या रक्ताने ज्ञात पाहिली नाही, त्याचे ऋण ज्ञातीच्या कुंपणाशी थांबून कसे फिटेल?

दुसरे ऋण तारापूरचे. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण व अक्करपट्टी ह्या गावांतील लोकांना आपली घरेदारे सोडावी लागली. ते संच २००५ व २००६ साली वीज देऊ लागले. आपण घरी बटण दाबतो तेव्हा कोणाच्या तरी ओसरीची, कोणाच्या तरी वाडीतील माडांची किंमत त्या उजेडात असते. बोईसरच्या कारखानदारीने आपल्या मुलांना रोजगार दिला. तिच्यासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांची विचारपूस आपण किती वेळा केली?

कृतज्ञता ही भाषणातील वस्तू नव्हे, ती घरची रीत झाली पाहिजे. येत्या १४ ऑगस्टला प्रत्येक कुटुंबाने मुलांना घेऊन स्तंभाशी जावे, पाच नावे मोठ्याने वाचावीत आणि परतताना एखाद्या विस्थापित कुटुंबाच्या दारी क्षणभर टेकावे. आमचे वय झाले. ही नावे आता आपल्या स्वाधीन करून आम्ही रजा घेतो.