पानामागची संहिता: वेब डिझाइनच्या शिक्षणाचा छोटा इतिहास

१/ वेब डिझाइनच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेला स्थान द्यावे का, हा वाद नवा वाटतो. पण त्याची मुळे १९९० पर्यंत जातात. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर घडवला, तेव्हा त्यात पान वाचण्याबरोबर लिहिण्याचीही सोय होती.

२/ १९९३ च्या मोझेकने लिहिण्याची सोय गाळली; मात्र पानामागची एचटीएमएल संहिता पाहण्याची मुभा ठेवली. एक अख्खी पिढी त्या फटीतूनच शिकली. आवडलेले पान उघडायचे, संहिता उतरवून घ्यायची, एखादी खूण बदलायची आणि काय मोडते ते पाहायचे. व्याख्यानापेक्षा धूळपाटीवर अक्षरे गिरवण्याशी या पद्धतीचे नाते अधिक जवळचे.

३/ मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलेले फ्रंटपेज आणि १९९७ चे ड्रीमवीव्हर यांनी हे गिरवणेच अनावश्यक ठरवले. पान नजरेसमोर मांडावे, संहिता यंत्राने लिहावी. ती संहिता अनेकदा फुगलेली असे. म्हणून ‘आधी नोटपॅडमध्ये हाताने लिहा’ असा आग्रह धरणारे शिक्षक होते.

४/ अर्थात हाताने लिहिलेले सारे शुद्ध होते, असे मुळीच नाही. तक्ते आणि अदृश्य चित्रे वापरून पाने सजवण्याची युक्ती डेव्हिड सीगल यांनी १९९६ च्या पुस्तकातून लोकप्रिय केली. पुढच्याच वर्षी वेब बिघडवल्याची जाहीर कबुलीही त्यांनीच दिली!

५/ २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. एका वाक्यावरून पान तयार होऊ लागले. ड्रीमवीव्हरहून यांचे वेगळेपण असे की, विचारल्यास ही साधने प्रत्येक ओळीचा अर्थही सांगतात. रात्री अकरा वाजता अडलेल्या विद्यार्थ्याला हे मोठेच साहाय्य आहे.

६/ परंतु ही साधने शिकली ती आधीच्या वेबवरून. आणि ते वेब कसे आहे? वेबएम संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख मुखपृष्ठे तपासली, त्यांपैकी ९५.९ टक्के पानांत सुलभतेचे दोष आढळले. चित्रांना पर्यायी मजकूर नाही, पानाच्या भाषेची नोंद नाही. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पान ‘बरोबर’ भासते.

७/ मराठी पानाच्या मुळाशी भाषा म्हणून ‘मराठी’ऐवजी सवयीने ‘इंग्रजी’ नोंदवली गेली, तर दृष्टिहीन वाचकाचा वाचक-प्रोग्राम देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो. शब्द विचित्र उच्चारले जातात वा वगळले जातात. म्हणून वर्गात एक साधा पाठ घेता येतो: यंत्राकडून पान लिहून घ्यावे, पडदा झाकावा आणि ते पान नुसते ऐकावे. जिथे अडखळेल, तिथली संहिता विद्यार्थ्याने स्वतः उघडावी.