आणेवारी

पिकाच्या अंदाजाला सरकारी दप्तर आता 'पैसेवारी' म्हणत असले, तरी अंबड-परतूरकडच्या बोलण्यात जुनी 'आणेवारी'च मुरलेली आहे. निजामी अमलातील हाली शिक्क्याचा रुपयाही सोळा आण्यांचाच होता, आणि १९५७ मध्ये दशमान नाणी येऊनही शब्द हटला नाही. हटावा तरी का? सोळांपैकी आठ आणि शंभरांपैकी पन्नास हे सममूल्य अपूर्णांकच आहेत : 'छिद्' म्हणजे तोडणे, या धातूपासून आलेल्या छेदाला सव्वासहाने गुणताना अंशालाही तितक्यानेच गुणले की मूल्य अबाधित राहते. (सव्वासहाचा हा गुणक शाळकरी पोरांना कोण सांगतो?) महसूल खात्याच्या लेखी पन्नास पैशांखालची पैसेवारी टंचाई दर्शविते, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबी आठ आण्यांहून उणे पीक.