पदवीविना परदेशात इंग्रजी अध्यापन

पदवीविना परदेशात इंग्रजी अध्यापन म्हणजे विद्यापीठाची पदवी नसलेल्या व्यक्तीने अल्पकालीन प्रशिक्षण घेऊन परदेशात इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकवणे. या प्रशिक्षणास सामान्यतः ‘टेफल’ असे संबोधले जाते. प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी पदवी बहुधा अनिवार्य नसते. मात्र कामाचा परवाना देताना अनेक देश ती मागतात. प्रमाणपत्र हाती असूनही परवाना न मिळणे ही त्यामुळे या क्षेत्रातील नेहमीची अडचण आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांच्या संदर्भात या विषयाचा विचार येथे केला आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

‘टेफल’ हे कोणत्याही एका संस्थेच्या परीक्षेचे नाव नाही. या नावाने आठवड्याच्या अखेरीस चालणारे वर्ग, केवळ आंतरजालावरील पाठ आणि कसून घेतलेले अभ्यासक्रम असे सर्वच विकले जाते. त्यांतील सर्वाधिक मान्यताप्राप्त म्हणजे केंब्रिजचे ‘सेल्टा’ प्रमाणपत्र. त्याचे मूळ जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९६२ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या छोट्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आहे. ‘सेल्टा’त किमान १२० तासांचे अध्ययन, चार लेखी स्वाध्याय, अनुभवी शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर घेतलेले सहा तासांचे पाठ असतात. हे पाठ दोन वेगवेगळ्या स्तरांच्या विद्यार्थ्यांना द्यावे लागतात व त्यांचे मूल्यमापन होते. पूर्णवेळ अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांत संपतो. प्रवेशासाठी पदवी नको. उच्च शिक्षणास प्रवेश मिळेल इतपत शिक्षण, वयाची १८ वर्षे पूर्ण आणि इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असावे लागते. बारावी उत्तीर्ण उमेदवार त्यामुळे अर्ज करू शकतो, परंतु निवडीच्या वेळी भाषेची कसोटी चुकत नाही.

जाहिरातींतील ‘१२० तास’ हा आकडा या प्रमाणपत्रामुळेच रूढ झाला. प्रत्यक्ष पाठ न घेता केवळ आंतरजालावर पुरे केलेल्या १२० तासांची गणना त्याच मोलाची होत नाही, हे उमेदवारांच्या बरेचदा उशिरा लक्षात येते.

ठाणे जिल्ह्यातील पर्याय

बारावीनंतर पदवीविना शिक्षक होण्याची वाट महाराष्ट्रात जुनीच आहे. पूर्वी डी.एड. व आता डी.एल.एड. म्हणून ओळखली जाणारी दोन वर्षांची पदविका ही ती वाट होय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) उभ्या राहिल्या; ठाणे जिल्ह्याची अशी संस्था बदलापूरजवळ, अंबरनाथ तालुक्यातील रहाटोली येथे आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे या पदविकाधारकास इंग्रजीचे पाठ घ्यावेच लागतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत या पदविकेसाठी २० आठवड्यांची शालेय अंतर्वासिता सांगितली आहे.

सहा तासांचे पाठ आणि २० आठवड्यांची अंतर्वासिता यांची तुलना केली, तर अध्यापनाचा सराव कोठे अधिक होतो हे उघड आहे. तरीही परदेशी भाषावर्गांत सेल्टास मान आणि डी.एल.एड.ची फारशी ओळख नाही, अशी विसंगती दिसते. तिला एक शास्त्रीय कारणही आहे. पदविकेच्या वर्गात शिक्षक व मूल यांना मराठीचा आधार असतो, तर परदेशातील वर्गात सामाईक भाषा नसताना इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावी लागते. फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात सिंधी, मराठी आणि हिंदी बोलणारी मुले एकत्र बसतात; अशा वर्गाचा अनुभव या दृष्टीने उपयोगी ठरू शकतो.

परवान्याची अट

चीनमध्ये परदेशी भाषा शिक्षकाकडून पदवी, शिवाय दोन वर्षांचा अनुभव किंवा टेफलसारखे प्रमाणपत्र, आणि सर्वसाधारणपणे इंग्रजीभाषक देशाचे पारपत्र अपेक्षित असते. दक्षिण कोरियाच्या इंग्रजी अध्यापन व्हिसासाठी ठरलेल्या सात देशांत भारत नाही. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात पात्र भारतीय सहायक शिक्षकांसाठी तेवढी एक चिंचोळी वाट ठेवलेली आहे. म्हणजे भारतीय उमेदवारापुढे पदवीबरोबर नागरिकत्वाचाही प्रश्न उभा राहतो. कंबोडियासारख्या देशांत पदवीबाबतची सक्ती तुलनेने सैल राहिली आहे. आखाती देशांतील भारतीय शाळांत पदवी व बी.एड. हीच रूढ अपेक्षा असते.

उल्हासनगरातील अनेक सिंधी कुटुंबांचे नातलग दुबई, हाँगकाँग आदी ठिकाणी व्यापारात आहेत. मात्र नातलगाच्या दुकानातील नोकरीच्या परवान्यावर अन्यत्र शिकवता येत नाही आणि पर्यटक व्हिसावर घेतलेला तास हा बेकायदा रोजगारच असतो. घरबसल्या दूरस्थ तास घेण्याच्या मार्गास व्हिसा लागत नाही. परंतु जुलै २०२१ मधील चिनी निर्बंधांनी परदेशांतून होणाऱ्या शिकवणीवर बंदी आणली आणि ही मोठी बाजारपेठ आटली.

मध्यस्थ आणि कायदा

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थास १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी आहे. नोंदणीकृत मध्यस्थांची यादी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. अभ्यासक्रम विकणारा वर्ग हा भरती मध्यस्थ नसतो; प्रमाणपत्राबरोबर ‘हमखास नोकरी’ देऊ करणाऱ्या वर्गाकडे ही नोंदणी आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे लागते.

दूरस्थ पदवीचा मार्ग

नोकरी करता करता पदवी पुरी करण्याची सोय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी केली आहे. अंबरनाथच्या कारखान्यात किंवा उल्हासनगरच्या बाजारपेठेत काम करणाऱ्या तरुणास ती परवडण्याजोगी आहे. मात्र काही देश दूरस्थ पदवीची वेगळी छाननी करतात, म्हणून ज्या देशात जायचे त्याचा नियम प्रवेशापूर्वीच पाहणे इष्ट. पदवी वा पदविकेचे मूळ कागद परदेशात चालावेत यासाठी आधी राज्य पातळीवर पडताळणी व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ घ्यावे लागते. भारत २००५ पासून या हेग कराराचा सदस्य आहे आणि चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाला.