छापण्याची आज्ञा आणि छपाई

संगणकाचा इतिहास लिहिणारे यंत्रांच्या वेगाविषयी आणि स्मृतीविषयी भरभरून लिहितात. कागदाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही कार्यप्रणाली जाहीर केली. तिच्या सीएमएस या भागात काम करणारा माणूस टर्मिनलवर 'प्रिंट' हा शब्द आणि त्यापुढे फाइलचे नाव व प्रकार टंकित करी. नाव आठ अक्षरांत बसवावे लागे, प्रकारही तसाच. एवढ्याने कागदावर काहीच उमटत नसे, आणि आमच्या मते या प्रकरणातील खरी गंमत तिथेच आहे.

या प्रणालीत प्रत्येकाला आपल्यापाशी एक अख्खा संगणक असल्याचा आभास दिला जाई. त्यात कार्डे वाचणारे यंत्र होते, कार्डांना भोके पाडणारे होते, छपाईयंत्रही होते. ००सी, ००डी, ००ई हे त्यांचे रूढ पत्ते. तिन्ही काल्पनिक! ००ई कडे धाडलेला मजकूर चकतीवर रांगेत थांबे आणि पाळी आली की खऱ्या यंत्रावर उतरे. यालाच स्पूलिंग म्हणत. छपाईयंत्र एक आणि मागणारे अनेक. रांग नसती तर एकाच्या ओळींत दुसऱ्याच्या ओळी मिसळल्या असत्या.

ते खरे यंत्र अनेक ठिकाणी १९५९ साली आलेले १४०३ असे. मिनिटाला ६०० ओळी, पुढे एन१ या नमुन्यात ११००. ओळीत १३२ अक्षरे. खिळ्यांची माळ आडवी फिरे आणि कागदामागून हातोडी बसे. माळेत २४० खिळे, म्हणजे ४८ चिन्हांचा नेहमीचा संच पाचदा. इंग्रजीची लहान लिपी घालायची तर संच मोठा होई, त्याच्या आवृत्त्या घटत आणि हवे ते अक्षर समोर येईपर्यंत वाट पाहावी लागे. त्या काळचे कागद मोठ्या अक्षरांत ओरडल्यासारखे दिसतात, त्याचे मूळ या हिशोबात आहे. (आमच्या जुळाऱ्यांना जोडाक्षरांचे शेकडो खिळे सांभाळावे लागत, ४८ खणांत देवनागरीचे काय झाले असते, हे सांगायला नको.)

आणखी एक संकेत आम्हांला विलक्षण वाटतो. ओळीचे पहिले अक्षर वाचकासाठी नसे, यंत्रासाठी असे. '१' म्हणजे नवे पान, '०' म्हणजे मध्ये एक ओळ कोरी, '+' म्हणजे मागच्याच ओळीवर पुन्हा ठसा. 'लिस्टिंग' प्रकारची फाइल असेल तर 'प्रिंट' हा संकेत आपणहून पाळी. इतरांसाठी 'सीसी' असे लिहावे लागे. आकड्यांच्या साध्या फाइलला चुकून 'सीसी' जोडले आणि तिच्या ओळी १ ने सुरू होत असल्या, तर एकेका ओळीला एकेक पान!

छापून झाले की रांगेतील प्रत सहसा पुसली जाई. कागद उरे. पेन्सिल घेऊन आज्ञावली वाचायची ती त्याच्यावरच. अपोलो ११ च्या मार्गदर्शक संगणकाची आज्ञावली वेगळ्या यंत्रणेवर सिद्ध झाली होती; पण आज ती आपल्याला वाचता येते ती एमआयटी संग्रहालयात राहिलेल्या छापील प्रतींमुळे. त्या पानांची छायाचित्रे घेतली गेली आणि पुढे हौशी मंडळींनी ती ओळ न् ओळ पुन्हा टंकित केली.